तालुक्याचें गांव

आमचे एक स्नेही मागील हिवाळ्यांत पुण्याहून मोटारीनें जाऊन बुलढाणा जिल्हा पाहून आले. लोणारचें सरोवर, शेगांवची समाधि आणि सिंदखेडराजा येथील जिजाऊसाहेबांचें जन्मस्थान अशीं तीन स्थळें त्यांनीं तीन दिवसांत उरकलीं, आणि परत आल्यावर आमच्याकडे चहास बसले असतां, आमचें बालपण त्याच जिल्ह्यांत गेलें आहे हें क्षणभर विसरून ते म्हणाले, "जिल्हा पाहण्यासारखा आहे हो, पण गांवें मात्र नकोशीं वाटतात." आम्हांस राग आला. रागाच्या भरांत आम्हीं चार उत्तरें दिलीं, आणि स्नेही सज्जन असल्यामुळें त्यांनीं तीं मान्यही केलीं. पण रात्रीं अंथरुणावर पडल्यावर त्यांतलें एकही उत्तर टिकेना. त्यांचें विधान खोडण्यासाठीं आम्ही जीं जीं सुंदर दृश्यें आठवूं लागलों, तीं सारीं गांवाबाहेरचीं निघालीं. राजूरच्या घाटांतलें वळण, पैनगंगेचें उन्हाळ्यांतलें पात्र, हुरड्याच्या दिवसांतलें ज्वारीचें शेत, पळस फुलल्यावरची टेकडी. गांवाच्या आंतलें, बसस्टँडापासून आठवडी बाजारापर्यंतचें, असें एकही दृश्य डोळ्यांपुढें येईना कीं जें आम्ही स्नेह्यांस अभिमानानें दाखवावें. हा लेख त्या रात्रीच्या जागरणाचें फळ आहे.

प्रथम हें सांगितलें पाहिजे कीं, आमचें बोलणें खेड्यांविषयीं नव्हे आणि मोठ्या शहरांविषयींही नव्हे. जुन्या दप्तरांत गांवाच्या नांवामागें 'मौजे' किंवा 'कसबे' असा शब्द लिहीत. मौजे म्हणजे शेतीवर जगणारें खेडें. कसबे म्हणजे परगण्याचें ठाणें. तेथें बाजार भरे, वतनदार राहात आणि सरकारचा हात प्रत्यक्ष दिसे. अकबराच्या काळीं वऱ्हाड सुभ्यांतील एका सरकारचें मुख्य ठिकाण मेहकर हें होतें, आणि तशी नोंद आईन-इ-अकबरींत आहे. आज बुलढाणा जिल्ह्यांत तेरा तालुके आहेत; त्यांचीं तेरा ठाणीं हेच आजचे कसबे होत. त्यांपैकीं खामगांवास किंवा मलकापुरास फार तर शहर म्हणतां येईल. बाकीचीं सारीं तालुक्याचीं गांवें. आणि नकोशीं वाटतात तीं हींच. खेड्यांत पाहुणा गेला तर त्याला घोंगडी अंथरून बसवितात; मुंबईंत गेला तर त्याच्याकडे कोणी पाहात नाहीं, व त्यांतही एक सुख असतें. तालुक्याच्या गांवीं मात्र त्याच्याकडे सारे पाहतात आणि 'बसा' असें कोणी म्हणत नाहीं.

या नकोसेपणाचीं जीं कारणें नेहमीं सांगितलीं जातात त्यांत पहिलें ऊन व धूळ. वऱ्हाडचें ऊन कडक आहे हें कबूल. पण आमच्या जिल्ह्याचे दोन भाग आहेत, एक घाटावरचा व एक घाटाखालचा. घाटाखालीं, पूर्णेच्या सपाटीवर, मलकापूर, नांदुरा, शेगांव, जळगांव हीं गांवें वैशाखांत अक्षरशः भाजून निघतात. घाटावरचें बुलढाणा सहाशें मीटरांहून अधिक उंचीवर आहे, आणि तेथील हवा थंड म्हणूनच इंग्रजांनीं जिल्ह्याचें ठाणें तेथें नेलें. नकोसेपणा उन्हानें येत असता तर घाट चढतां चढतां तो उतरावयास हवा होता. तसें होत नाहीं. दुसरें कारण दारिद्र्य. परंतु भोंवतालचीं खेडीं तालुक्याच्या गांवाहून गरीब असून पाहुण्यास तीं आवडतात. उलट तालुक्याच्या गांवीं पैसा दिसतो, दुमजली दुकानें दिसतात, आणि तरीही मन रमत नाहीं. तिसरें कारण पाण्याचें, आणि तें हंसण्यावारी नेण्यासारखें नाहीं. पूर्णेच्या खोऱ्यांत जो खारपाण पट्टा आहे तेथें विहीर खणली तरी जीभ ओढून घेणारें पाणी लागतें. आणि पुष्कळ गांवांत उन्हाळ्यांत नळाला आठ-आठ, दहा-दहा दिवसांनीं पाणी येतें. ज्या घरांतील बाईला मध्यरात्रीं नळाची चाहूल घेत जागावें लागतें, तिच्यापुढें गांवाच्या सौंदर्याची चर्चा करण्यास आम्हांसही संकोच वाटतो. पण पाण्याचे हाल हे गांवाच्या दुःखाचें कारण झाले. गांवाच्या रूक्षपणाचें नव्हेत. ज्या सालीं पाऊस भरपूर पडतो त्या सालींही हीं गांवें रुक्षच असतात.

आमच्या मतें खरें कारण या गांवांच्या जन्मांत आहे. हीं गांवें एकेका कामासाठीं वाढलीं. बुलढाण्याचें पूर्वीचें नांव भिलठाणा असें सांगतात. तें कचेऱ्यांसाठीं वाढलें. जिल्ह्याचें ठाणें खरें, पण आजतागायत तेथें आगगाडी पोंचलेली नाहीं. जवळचें स्टेशन घाटाखालचें मलकापूर. कचेरींतला माणूस बदलीवर येतो, बदलीवर जातो, आणि मधल्या तीन वर्षांत भाड्याच्या घराच्या अंगणांत आंब्याचें झाड लावीत नाहीं. त्यानें कां लावावें? खामगांवची कथा याहून मनोरंजक आहे. इ. स. १८६१ ते १८६५ या काळांत अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें, तिकडचा कापूस विलायतेच्या गिरण्यांस मिळेनासा झाला, आणि मँचेस्टरची नजर वऱ्हाडच्या काळ्या जमिनीकडे वळली. वऱ्हाड १८५३ पासून निजामाकडून इंग्रजांच्या हवालीं झालेलाच होता. खामगांवच्या कापसाच्या बाजाराला असें महत्त्व आलें कीं, जलंबपासून तेथपर्यंत आगगाडीचा एक फांटा काढण्यांत आला आणि १८७० सालीं तो सुरू झाला. त्या लहानशा फांट्याइतकें स्पष्टपणें गांवाच्या जन्माचें रहस्य दुसरें कांहींच सांगत नाहीं: लोहमार्ग माणसांस जोडण्यासाठीं गांवांत शिरला नाहीं, गांठी उचलून बंदराकडे नेण्यासाठीं शिरला. १९०५ पर्यंत खामगांव अकोला जिल्ह्यांत होतें. पुढें तें बुलढाण्यास जोडलें गेलें. बाजाराला त्याचें सुखदुःख फारसें झालें नसावें. खामगांवचें एवढें मात्र म्हटलें पाहिजे कीं, त्यानें कापसापलीकडेही कांहीं केलें. चांदीच्या कारागिरीचें नांव तेथें झालें, आणि टिळकांच्या नांवाचें राष्ट्रीय विद्यालय तेथील लोकांनीं काढलें व टिकविलें. ज्या गांवानें स्वतःकरितां असें कांहीं उभें केलें आहे त्या गांवांत पाहुण्याचा जीव थोडा कमी कोंडतो, असा आमचा अनुभव आहे.

एका कामासाठीं वाढलेल्या गांवाची खूण अशी कीं, बिनकामाच्या माणसास तेथें जागा नसते. कोणत्याही तालुक्याच्या गांवीं एस.टी. स्टँडावर उतरून पाहावें. तहसिलींत काम असेल तर तहसील समोर आहे. बाजारांत काम असेल तर बाजार आहे. दवाखान्यांत, बँकेंत, कोर्टांत, पंचायत समितींत काम असेल तर तींही आहेत, आणि प्रत्येकाच्या दारांत झेरॉक्सचें दुकान व चहाची टपरी आहे. पण काम आटोपलें, गाडीला दोन तास अवकाश आहे, आणि माणसाला नुसतें बसावयाचें आहे. तर त्यानें कोठें बसावें? स्टँडाचीं बांकें मोडलेलीं. चौकांतला पुतळा लोखंडी कुंपणांत व त्याच्याभोंवतीं वाढदिवसांच्या शुभेच्छांचे प्रचंड फलक. (फलकावरील पन्नास चेहऱ्यांपैकीं वाढदिवस नेमका कोणाचा, हें ओळखणें हा प्रवाशाला उपलब्ध असलेला एकमेव करमणुकीचा खेळ होय.) बागेला कुलूप, कारण उघडी ठेवली तर मुलें येतात. वाचनालयांत वर्तमानपत्रें आहेत व पंखाही आहे, पण तेथें सकाळ-संध्याकाळ तेच दहा वयस्क पुरुष बसलेले असतात, आणि नवखा आंत शिरला कीं दहाही वर्तमानपत्रें एकदम खालीं येतात. पुरुषास निदान टपरी तरी आहे. स्त्रीला तीही नाहीं. गांवांतल्या शिकलेल्या बाईला घर आणि काम सोडून तिसऱ्या कोणत्याही ठिकाणीं अर्धा तास बसतां येत नाहीं, आणि स्टँडावरच्या स्वच्छतागृहाची जी अवस्था असते तिच्यामुळें प्रवासांत ती सकाळपासून पाणी पीत नाहीं. आमच्या स्नेह्यांच्या पत्नी बरोबर होत्या. नकोसेपणाचा शब्द मूळ त्यांचा होता, स्नेह्यांनीं फक्त तो आमच्यापर्यंत आणला, असें आम्हांस मागाहून कळलें.

पूर्वीं असें नव्हतें काय? येथें 'जुनें तें सोनें' म्हणण्याचा मोह आवरला पाहिजे. पारावर बसणारे कोण होते व पाराजवळूनही ज्यांना जातां येत नसे ते कोण होते, हें ज्याला ठाऊक आहे तो पाराचे पोवाडे गाणार नाहीं. आम्ही जुना पार परत मागत नाहीं. आमचें म्हणणें एवढेंच कीं, जुना पार गेल्यावर सर्वांचा असा नवा पार कोणीं बांधलाच नाहीं.

आणि जुना पार गेला म्हणावें तर त्यावरचें संभाषण मात्र गेलेलें नाहीं. आमच्या नात्यांतील एक मुलगी एका तालुक्याच्या गांवीं माध्यमिक शाळेंत शिक्षिका म्हणून रुजू झाली. गांवाचें नांव सांगत नाहीं. सांगण्याची गरजही नाहीं, कारण तें कोणतेंही असूं शकेल. तिला खोली हवी होती. पहिल्या घरीं मालकीणबाईंनीं चहा दिला, "मॅडम, तुम्ही आमच्या पोरीसारख्या" असें म्हटलें, आणि मग विचारलें, "आडनांव काय म्हणालां?" आडनांव सांगितलें. "मूळ गांव कोणतं?" तेंही सांगितलें. "नाही, म्हणजे... तुम्ही कोण?" मुलीनें आपण शिक्षिका आहों असें उत्तर दिलें. खोली मिळाली नाहीं. असे चहा तिनें सात घरीं घेतले. शेवटीं आठव्या घरीं एका विधवा परिचारिकेनें कांहीं न विचारतां किल्ली हातांत दिली. कारण तिलाही त्या गांवांत एके काळीं किल्ली मिळाली नव्हती.

शहरांत आडनांव विचारीत नाहींत असें नव्हे. शहरांतही विचारतात, आणि आजकाल अधिकच विचारतात. पण शहरांत आठवें, नववें, पन्नासावें घर असतें. खेड्यांत विचारावें लागत नाहीं, कारण सारें आधींच ठाऊक असतें. आणि तें ठाऊक असणें पुष्कळांच्या पाठीवर आसुडासारखें पडतें हें आम्ही विसरलों नाहीं. तालुक्याच्या गांवीं या दोन्हींतली वाईट बाजू तेवढी एकत्र आली आहे. माणसांची एकमेकांशीं ओळख एवढीच असते कीं कोण कोणाबरोबर दिसला हें रात्रीच्या आंत घरोघर कळावें. परंतु ती ओळख एवढी नसते कीं रात्रीं पोटांत दुखूं लागलें तर कोणी गाडी काढावी. तरुण मुलामुलींस हें फार लवकर कळतें. दहावी होतांच त्यांचे डोळे पुण्याकडे लागतात. लोक म्हणतात, तीं शिकण्यासाठीं जातात. कांहीं जातातही. कित्येक जण मात्र केवळ अशा ठिकाणीं जातात कीं जेथें आपण रस्त्यानें चाललों असतां आपले वडील कोण हें समोरच्यास ठाऊक नसतें. पाठीमागें जे राहतात त्यांच्याविषयीं 'इथंच राहिला' असे दोन शब्द वापरले जातात, आणि ते ज्या स्वरांत उच्चारले जातात तो स्वर आम्हीं स्वतः लहानपणीं काढलेला आहे.

कोणी म्हणेल, हा सारा त्या लोकांचा स्वभाव. वऱ्हाडी माणसाला नीटनेटकेपणाची आवडच नाहीं. या आक्षेपाला उत्तर शेगांवांत आहे. गजानन महाराज १८७८ सालीं तेथें प्रकट झाले व १९१० सालीं समाधिस्थ झाले. त्यानंतर त्या संस्थानाची जी व्यवस्था हळूहळू उभी राहिली ती पाहून श्रद्धाळू व अश्रद्ध दोघेही सारखेच चकित होतात. हजारों माणसें रांगेंत उभीं असतात आणि आवाज चढत नाहीं. फरशीवर कागदाचा कपटा पडला तर कोणी सेवेकरी न बोलतां उचलतो. प्रसादाच्या पंगतींत जात विचारीत नाहींत. आणि हे सेवेकरी कोठून आलेले असतात? बरेचसे याच भोंवतालच्या खेड्यांतून व गांवांतून. त्याच उन्हांतून, त्याच खारपाण पट्ट्यांतून. जो माणूस आवाराच्या आंत जोडे ओळीनें ठेवतो, तोच आवाराच्या बाहेर येऊन केळ्याची साल रस्त्यावर टाकतो. स्वभाव एका उंबरठ्यावर बदलत नसतो. बदलतें तें हें कीं, आंतली जागा आपली आहे असें त्याला वाटतें आणि बाहेरची जागा कोणाचीच नाहीं असें वाटतें. बाहेरच्या जागेचा धनी कागदोपत्रीं नगरपरिषद होय; पण नगरपरिषदेविषयीं ज्याला शेगांवच्या सेवेकऱ्याप्रमाणें वाटतें असा गृहस्थ आमच्या पाहण्यांत अजून आलेला नाहीं, आणि तो केवळ नागरिकांचाच दोष आहे असेंही आम्ही म्हणत नाहीं.

लोणारची गोष्ट याच्या उलट. तेथें देणगी निसर्गाची आहे: उल्केच्या आघातानें काळ्या पाषाणांत पडलेला, सुमारें पावणेदोन किलोमीटर व्यासाचा खळगा, आणि त्याच्या तळाशीं खारें पाणी. २०२० च्या जूनमध्यें तें पाणी गुलाबी झालें व जगभर त्याचीं चित्रें छापलीं गेलीं. त्याच वर्षीं रामसर कराराच्या यादींत या सरोवराचा समावेश झाला. जगाचें लक्ष जेथें लागलें त्या खळग्याच्या काठावर गांव आहे; आणि गांवाचें सांडपाणी सरोवरांत उतरूं नये एवढ्यासाठीं लोकांना न्यायालयांत जावें लागलें. गांवांतच दैत्यसूदनाचें कोरीव देऊळ आहे. त्याची शिल्पें पाहावयास परदेशचे लोक येतात, आणि त्याच्या चोहोंकडे घरें अशीं दाटलीं आहेत कीं देवळाकडे जाणाऱ्यास लोकांच्या मोऱ्या ओलांडाव्या लागतात. आम्हांस यांत लोणारकरांची अरसिकता दिसत नाहीं. ज्याच्या दारांत रोज परकी माणसें येतात, फोटो काढतात आणि त्याच्याशीं एक शब्दही न बोलतां जातात, तो त्या देखाव्याकडे पाठ फिरवूनच राहावयास शिकतो. सिंदखेडराजा येथेंही तसेंच. १२ जानेवारीस तेथें लाखों लोक लोटतात, आणि तें योग्यच आहे. १५९८ च्या त्या जन्माइतकी मोठी घटना जिल्ह्याच्या इतिहासांत दुसरी नाहीं. १३ जानेवारीस गांवकरी कागद, पाण्याच्या बाटल्या व पत्रावळी गोळा करीत असतात. लखुजीराव जाधवांच्या भव्य समाधीच्या सावलींत उरलेले तीनशें चौसष्ट दिवस कोण बसतें, याची विचारपूस करण्यास भाषणांस आलेल्या पुढाऱ्यांस वेळ नसतो.

आतां साहित्याकडे वळूं; कारण हें मासिक नगररचनेचें नव्हे, आणि आमचा खरा आरोप आमच्याच मंडळींवर आहे. तालुक्याच्या गांवाविषयीं मराठी लेखकांनीं काय लिहिलें? खेड्याविषयीं उदंड लिहिलें. माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'पासून पुढें तर एक परंपराच झाली. पुण्यामुंबईच्या चाळींविषयीं, वाड्यांविषयीं लिहिलें. दोहोंच्या मधलें गांव मात्र बहुधा केवळ गाडी बदलण्याचें ठिकाण म्हणून येतें. नायक खेड्यांतून निघतो, तालुक्याला उतरतो, कचेरींत अपमान सोसतो, आणि दुसऱ्या प्रकरणांत तो शहरांत असतो.

याचा सर्वांत बोलका पुरावा आमच्याच जिल्ह्यांत आहे. कवि ना. घ. देशपांडे यांनीं आयुष्य मेहकरला काढलें. वकिलीचें काम, कोर्टाचा रस्ता, तालुक्याचें गांव: याहून रूक्ष पार्श्वभूमि कवीला मिळणें कठीण. त्यांची 'शीळ' ही कविता जी. एन. जोशी यांच्या ध्वनिमुद्रिकेमुळें घरोघर पोंचली, आणि पुढें १९८६ सालीं 'खूणगाठी' या संग्रहास साहित्य अकादमीचें पारितोषिक मिळालें. पुण्यामुंबईस न जातां एवढी कीर्ति मिळविणारा कवि विरळा, आणि त्याबद्दल मेहकरास जितका अभिमान वाटावा तितका थोडाच. परंतु त्यांच्या कवितेंत रान आहे, नदी आहे, प्रीति आहे; मेहकरचा बाजाररस्ता आमच्या तरी वाचनांत आलेला नाहीं. हा दोष आम्ही कवीला देत नाहीं. भावगीताला बाजाररस्त्याची सक्ती करणारा टीकाकार निर्बुद्ध म्हणावा लागेल. पण आमच्या त्या रात्रीच्या अनुभवाशीं याची सांगड आपोआप बसते. आम्हांसही गांवाचें सौंदर्य म्हणून आठवलें तें गांवाबाहेरचेंच होतें. कोणास ठाऊक, आम्हांस तें तसें आठवावें हें आम्ही त्या कवितेपासूनच शिकलों असूं.

दुसरें उदाहरण सदानंद देशमुखांच्या 'बारोमास' या कादंबरीचें. तिला २००४ चें साहित्य अकादमी पारितोषिक आहे. एकनाथ शिकला, पदव्या मिळविल्या, पण नोकरीसाठीं मोजावयास पैसे नाहींत म्हणून शेतांत परत आला. आणि त्याची पत्नी अलका हिचा जीव त्या घरांत रमेना. शेतकऱ्याच्या घराचें कोसळणें इतक्या जवळून क्वचित् कोणीं दाखविलें असेल. कादंबरी थोर आहे. तरी आमची एक तक्रार राहतेच: एकनाथाला ज्यांनीं पैसे मागितले ते लोक राहतात कोठें? त्यांची संध्याकाळ कशी जाते? त्यांच्या मुली कोणत्या खिडकींत बसून काय वाचतात? तें तालुक्याचें गांव होय, आणि त्याची कादंबरी अद्याप लिहावयाची आहे. देशमुखांनींच ती लिहावी असा आमचा हट्ट नाहीं. पण या मातींतील माणूस ज्याला असा ठाऊक आहे त्यानें ती लिहिली तर ती खरी उतरेल.

असें लेखन झाल्यानें काय होतें याचीं दोन परकी उदाहरणें वाचकांस ठाऊक असतील. आर. के. नारायण यांनीं १९३५ सालच्या 'स्वामी अँड फ्रेंड्स' या पुस्तकापासून मालगुडी नांवाचें गांव रचलें. त्यांत नदी, स्टेशन, शाळा, छापखाना एवढेंच. परंतु तें गांव वाचकाला आवडतें, कारण तेथें लेखक कोणत्याही ओट्यावर निवांत बसूं शकतो. उलट अमेरिकन कादंबरीकार सिंक्लेअर लुईस यानें १९२० सालीं 'मेन स्ट्रीट' लिहून लहान गांवाचे वाभाडे काढले. शिकलेली कॅरोल लग्न होऊन डॉक्टर नवऱ्याच्या गांवीं येते आणि पहिल्याच दिवशीं सारें गांव पायीं फिरून पाहते, तेव्हां तिला अवघीं बत्तीस मिनिटें लागतात. आमच्या नात्यांतील शिक्षिकेनें हा भाग वाचला तेव्हां ती एवढेंच म्हणाली, "हिला खोली तरी शोधावी लागली नाही." लुईसचें जन्मगांव सॉक सेंटर प्रथम रागावलें, कारण चित्र आपलेंच आहे हें त्यानें ओळखलें, पण पुढें त्यानेंच आपल्या रस्त्याला त्या कादंबरीचें नांव अभिमानानें दिलें. नारायण यांचें प्रेम व लुईसचा संताप यांपैकीं अधिक हितकारक कोणता, याचा निवाडा आम्ही करीत नाहीं. आमच्या गांवांच्या वांट्याला दोन्हीही आलेले नाहींत. ज्या रस्त्यानें आपण रोज जातों तो रस्ता छापील पानावर कधींच न दिसला तर त्या रस्त्यावरून जाणाऱ्या मुलाला आपलें जगणें तात्पुरतें वाटूं लागतें, आणि तात्पुरत्या जागीं कोणी झाड लावीत नाहीं हें वर आलेंच आहे.

आमच्या शिक्षिकेची गोष्ट अर्धी राहिली. दोन वर्षांपूर्वीं तिनें व तिच्या तीन सहकारिणींनीं रविवारीं सायंकाळीं शाळेच्या पायऱ्यांवर नुसतें बसावयास सुरुवात केली. शिकवणी नाहीं, भजन नाहीं, बचतगट नाहीं. प्रथम शिपायानें विचारलें, मग मुख्याध्यापकांनीं, मग गांवानें: "कशासाठी बसतां?" कारण सांगतां येईना, म्हणून बोभाटा झाला. एका सहकारिणीच्या सासरच्यांनीं तिचें येणें बंद केलें, तें अजून बंदच आहे. बाकीच्या बसत राहिल्या. आतां पंधरा-वीस बाया येतात, कांहीं पिशव्या निवडावयाच्या भाजीसकट येतात, आणि फाटक सात वाजेपर्यंत उघडें राहतें. मागील उन्हाळ्यांत तिला पुण्याजवळ नोकरी मिळत होती. ती गेली नाहीं. याचें कारण त्या पायऱ्या कीं दुसरें कांहीं, हें आम्ही तिला विचारलेलें नाहीं.

इकडे समृद्धि महामार्ग आमच्या जिल्ह्यांतून गेला आहे. नागपूर ते शिर्डी हा त्याचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजीं सुरू झाला आणि जून २०२५ मध्यें शेवटचाही भाग वाहतुकीस खुला झाला. मेहकर व सिंदखेडराजा यांच्या अंगणांतून तो जातो, पण दोन्ही बाजूंस कुंपण आहे, आणि दुचाकीला त्यावर मज्जाव आहे. म्हणजे त्या गांवांतील बहुतेकांस तो आपल्या वाहनानें वापरतांच येत नाहीं. पूर्वीं प्रवासी निदान चहाला थांबे, गांवाला नांवें ठेवी आणि पुढें जाई. आतां नांवें ठेवण्यापुरताही तो थांबणार नाहीं. जुन्या रस्त्यावरच्या टपऱ्यांवर गर्दी ओसरल्याचें ऐकतों. गांवाला त्यामुळें स्वतःकडे पाहण्यास सवड मिळेल कीं त्याचा उरलासुरला धंदाही जाईल, हें सांगण्यास आमच्याजवळ ज्योतिष नाहीं.

आमचे स्नेही येत्या हिवाळ्यांत पुन्हा शेगांवास जाणार आहेत. यावेळीं महामार्गावरून मेहकरला उतरा, एक संध्याकाळ तेथें काढा, असें आम्हीं त्यांस सुचविलें. त्यांच्या पत्नींनीं लगेच विचारलें कीं, उतरल्यावर बसावयाचें कोठें? आम्हांस उत्तर देतां आलें नाहीं. आम्ही स्वतः त्या गांवांत चौदा वर्षांत गेलेलों नाहीं. जिल्हा आमचा म्हणून रागावण्यापुरता तो आमचा राहिला आहे. तेव्हां 'इथंच राहिला' असें ज्याच्याविषयीं आम्ही म्हणत असूं अशा एका वर्गमित्रास पत्र घातलें आहे आणि गांवांत हल्लीं बायकामाणसांसह तासभर बसण्यासारखी जागा कोणती, एवढेंच विचारलें आहे. त्याचें उत्तर अद्याप आलेलें नाहीं.